डायनोसॉरवर आलेल्या दुरुस्त्या

आमच्या घरात कुठलंही वाक्य एकट्याचं नसे. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आणि त्यांचे स्नेही मिळून एक अभ्यास मंडळ चालवत. त्याची बैठक दर रविवारी दुपारी मुलुंडला आमच्याच खोलीत भरे. मंडळाच्या नावानं जे पत्रक निघायचं ते आधी मोठ्यानं वाचलं जाई, मग ओळीओळीवर दुरुस्त्या मागवल्या जात, मग प्रत्येक दुरुस्तीवर हात वर करून मतदान होई, आणि मग सगळं पत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं जाई. 'गटारं साफ करा' एवढ्या तीन शब्दांवर अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे. एकाला 'सर्व गटारं' हवं होतं, दुसऱ्याला 'त्वरित' हवं होतं, तिसऱ्याचं म्हणणं असं की 'करा' हा हुकूम झाला आणि आपण मागणी करतो, हुकूम करत नाही. तोवर गटार आमच्या उंबऱ्याशी आलं होतं. आई खराटा घेऊन बाहेर गेली आणि तिनं ते मोकळं केलं, ठराव न करता.

खोली एकच, मागे स्वयंपाकाची अरुंद जागा. समोर कारखान्यांची रांग आणि पाठीला डोंगर. त्या डोंगरात खडीच्या खाणी होत्या. दुपारी सुरुंग उडाला की मांडणीवरची भांडी थरथरत आणि बैठकीत बोलणारा क्षणभर थांबून, जणू टाळी मिळाली असं समजून, पुढे बोलू लागे. अण्णा औषधांच्या कारखान्यात मशीनवर होते. आई दुसऱ्या एका लहानशा कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची. रविवारी तिला सुट्टी, म्हणजे रविवारी तिला मंडळ. सकाळी कोंबडीचा रस्सा, वाटलेल्या तिळाखोबऱ्याचा वास, भाकऱ्यांची थप, आणि जेवण उरकून ती जरा टेकते न टेकते तोच दारात चपलांचा ढीग. मग चहा. पहिल्या वाचनाचा चहा, दुरुस्त्यांचा चहा, मतदानाचा चहा. आमचा पंपाचा स्टोव्ह हे तिचं व्यासपीठ होतं. चर्चा फार लांबली की ती पंप जोरजोरात मारायची. स्टोव्ह असा फुरफुरायचा की वक्त्याला आवाज चढवावा लागे, आणि दोन मिनिटांत त्याचा घसा बसे. अण्णा म्हणत, "अगं, जरा हळू." ती आतून म्हणे, "हळू केला तर तुमचा चहा उद्या मिळेल."

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. पाठ्यपुस्तक घरात आलं तेव्हा मला ते फार मवाळ वाटलं होतं. आमच्या फळ्यांवर अंथरलेले कागद म्हणजे बिघडलेली पत्रकं, माझ्या वह्यांची कव्हरं म्हणजे उरलेली पत्रकं, डब्यातली भाकरी गुंडाळलेली असायची तीही 'बंधूंनो आणि भगिनींनो'मध्ये. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असतं अशी माझी कितीतरी वर्षं समजूत होती. आणि एक शब्द आमच्या घरी उच्चारायचा नाही असा दंडक होता: नशीब. देव चालत नव्हता, पण देवाचं नाव कुणी चुकून घेतलं तर अण्णा हसून सोडून देत. नशीब म्हटलं की त्यांचा चेहरा दगड व्हायचा. एकदा शेजारची बाई आईला म्हणाली, "नशीबवान गं तू, मुलगी शिकतेय तुझी." अण्णा बाहेर पायऱ्यांवर दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच ठेवून ते आत आले आणि तिला म्हणाले, "मुलगी शिकतेय, कारण तिची आई लेबलं चिकटवते." बिचारी बाई नंतर महिनाभर साखर मागायला आली नाही.

कॉलेजात मी शास्त्र शाखेला होते. तिथल्या वाचनालयात एका मासिकात मी तो लेख वाचला. तेव्हा ही कल्पना नवीकोरी होती, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आकाशातून एक प्रचंड दगड पृथ्वीवर आदळला, धुळीनं सूर्य झाकला गेला आणि डायनोसॉर संपले. आता नातवाच्या चादरीवर डायनोसॉर असतो, त्याच्या पाण्याच्या बाटलीवर असतो आणि दगडाची गोष्ट त्याला बोलता येण्याआधी ठाऊक असते. पण त्या वेळी मुलुंडमध्ये ती कुणी ऐकलेली नव्हती. मी तो लेख पुन्हा पहिल्यापासून वाचला. डायनोसॉरची मला दया आली असं नाही. मला कळलं ते एवढंच, की तो दगड थोडा बाजूनं गेला असता तर हे काहीच नसतं.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली होती. साळवेमास्तर मंडळाचे अध्यक्ष. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवत, धोतराच्या जमान्यातला माणूस पण पँट घालत. त्यांनी तक्रार मांडली की तरुण पोरं आपलं वाङ्मय हातात घेतात आणि त्यात भजी गुंडाळतात. यंदा जयंतीला पोरांसाठी एखादी विज्ञानाची पुस्तिका काढू या. अण्णा लगेच म्हणाले, "आमची प्रज्ञा लिहील. आणि तिच्या नावानं काढू." मंडळाच्या इतिहासात कुठल्याच कागदावर एकट्या माणसाचं नाव आलं नव्हतं. यावर मतदान झालं आणि ते मंजूर झालं. मी आत आईजवळ उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता भोग."

पुस्तिकेचं नाव मी ठेवलं, 'डायनोसॉर नष्ट झाले नसते तर?' मी ती सलग आठवडाभर लिहिली आणि आजही त्यातली बरीच वाक्यं मला आठवतात, कारण पुढे ती एकेक करून माझ्या डोळ्यांदेखत मारली गेली. मी लिहिलं होतं की डायनोसॉरच्या राज्यात आपले पूर्वज होते, पण ते उंदराएवढे होते. ते बिळात राहत, अंधार पडला की बाहेर येत, किडे खात आणि पहाटेआधी परत आत पळत. कोट्यवधी वर्षं ते तसेच राहिले, कारण मोठं व्हायला जागाच नव्हती. प्रत्येक जागेवर आधीच कुणीतरी बसलेलं होतं. दगड पडला नसता तर ते आजही बिळातच असते. हत्ती नसता, देवमासा नसता, गाय नसती आणि माणूसही नसता. गवताचा पसारा नंतरचा, असं तेव्हा मानलं जाई, म्हणून मी हेही लिहिलं की कदाचित ज्वारीसुद्धा नसती. आमच्या डोंगराच्या उतारावर कळप चरत असते, खाडीच्या चिखलात लांब मानेचे प्राणी मान वाकवून उभे असते, आणि त्या सगळ्याला कुणी मुलुंड म्हटलं नसतं.

मग बुद्धीचा प्रश्न. डायनोसॉरच जगले असते तर त्यांच्यातला एखादा लहान, दोन पायांवर चालणारा, मोठ्या डोळ्यांचा, हात मोकळे असलेला प्राणी हळूहळू शहाणा होऊन माणसासारखा झाला असता, अशी एक कल्पना मी वाचली होती. तिचा मला मनस्वी राग आला. का म्हणून? सोळा कोटी वर्षं त्यांच्या हातात होती. त्यांच्यातल्या एकानंही स्टोव्ह पेटवला नाही, आणि त्यांचं काही अडलंही नाही. दात धारदार, पाय दणकट, पिसं असली तर पिसं. तेवढ्यावर ते सुखात होते. त्यांची शेपूट छाटून, पाठ ताठ करून, त्यांना माणूस करायची आपल्याला एवढी हौस का, तर सृष्टी आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठीच निघाली होती असं आपल्याला वाटतं म्हणून. मी लिहिलं, 'वरच्या पायरीवर बसलेल्या प्रत्येकाला जिना आपल्यासाठीच बांधला असे वाटते.' हे वाक्य मला फार आवडलं होतं. आणि शेवटी लिहिलं, 'आपण इथे आहोत यात आपले कर्तृत्व काहीही नाही. एक दगड पडला, म्हणून आपण आहोत.'

रविवारी मी ते उभं राहून वाचलं. खोली भरलेली होती, खिडकीच्या गजांना धरून चाळीतली चारदोन माणसंही ऐकत होती. वाचून झाल्यावर मी कागद खाली घेतले. मला वाटलं, जिंकलं. मग साळवेमास्तरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तम. आता दुरुस्त्या."

पहिली त्यांचीच. "बाळ, हा कल्पनात्मक निबंध आहे. 'अमुक नसते तर.' याला एक घाट असतो. लेखक कल्पनेच्या प्रवासाला जातो, आणि शेवटी?"

"शेवटी काय?"

"शेवटी आईची हाक येते. 'ऊठ, शाळेला उशीर झाला.' लेखक जागा होतो आणि म्हणतो, बरे झाले, ते स्वप्नच होते. त्याशिवाय परीक्षक गुण देत नाही."

"मास्तर, परीक्षा कुठाय इथं? आणि मी झोपलेच नव्हते."

"घाट, बाळ, घाट."

आतून स्टोव्हचा पंप दोनदा वाजला.

दुसरी गमरेकाकांची. गमरेकाका रत्नागिरीकडचे, ट्रॉम्बेला कामाला. तिथं ते भांडारात कारकून होते, पण अणू फोडतात तिथं रोज जाऊन येणारा माणूस म्हणून मंडळात विज्ञानाचा शेवटचा शब्द त्यांचा असे. तो शब्द ते डोळे मिटून उच्चारत. मी पुस्तिकेत प्रामाणिकपणे एक ओळ घातली होती, की काही शास्त्रज्ञ डायनोसॉरच्या अंताचं कारण दगडात न शोधता त्याच सुमाराला आपल्या दख्खनमध्ये उसळलेल्या लाव्ह्यात शोधतात. ज्या काळ्या खडकावर आपली चाळ उभी आहे तो त्याच लाव्ह्याचा. गमरेकाकांनी ही ओळ ऐकल्यावर डोळे उघडले होते आणि परत मिटलेच नव्हते.

"गो बाय, मग हां पयला सांग ना! आकाशातून कशाला आणतेस दगड? तोही परदेशी लोकांनी शोधलेला. आपलो सह्याद्री हाय ना हितं! डायनोसॉर कुणी मारले? सह्याद्रीन मारले. संपला विषय."

"काका, ते सिद्ध झालेलं नाही."

"तुझा दगड झालाय सिद्ध?"

"नाही, पण पुरावा त्याच्या बाजूनं..."

"मग आपला का नको? मी ट्रॉम्बेला रोज बघतो, परदेशी म्हटलं की माणसं कशी माना डोलवतात ती."

खिडकीबाहेरून कुणीतरी "बरोबर हाय" म्हणालं. त्या माणसाला मतदानाचा हक्क नव्हता, पण वातावरण तयार झालं. डोंगरात नेमका तेव्हाच सुरुंग उडाला आणि भांडी खणखणली. गमरेकाकांनी फक्त बोट वर केलं. सह्याद्रीनं स्वतःच साक्ष दिली होती.

तिसरी अण्णांची. मी त्यांच्याकडे मोठ्या आशेनं पाहिलं. ते नेहमीसारखे भिंतीला टेकून, भिंतीवरच्या दोन तसबिरींच्या बरोबर खाली बसले होते. म्हणाले, "शेवटची दोन वाक्यं मला मान्य नाहीत. ते उंदराएवढे प्राणी बिळात राहिले, अंधारात जगले, पिल्लं वाढवली, टिकले. हा लढाच आहे. मोठ्या जनावरांच्या पायाखाली राहून जे टिकले त्यांना तू म्हणतेस, तुमचं कर्तृत्व नाही? सस्तन प्राण्यांनी दीर्घ लढा देऊन आपली जागा मिळवली, असं पाहिजे."

"अण्णा, लढा नाही दिला त्यांनी. ते लपले होते. मग एक दगड पडला."

"लपणं हाही लढ्याचा एक प्रकार असतो."

"साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जे झालं ते झालं! त्यात दुरुस्ती कशी सुचवता येईल?"

"दुरुस्ती सुचवण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे," साळवेमास्तर म्हणाले. "मतदान घेऊ या."

आणि घेतलं. मी आयुष्यात पुढे बऱ्याच सभा पाहिल्या, काही फार मोठ्या, पण त्या दुपारच्या मतदानाची सर कशालाच नाही. आधी हात वर करून ठरलं की शेवटी लेखक जागा होतो. मग ठरलं की डायनोसॉर सह्याद्रीनं मारले. मग प्रचंड बहुमतानं ठरलं की सस्तन प्राण्यांनी लढा दिला. माझा एकटीचा हात विरोधात. अण्णांचा हात त्या गर्दीत सगळ्यात सरळ होता. आता बघा, तिन्ही दुरुस्त्या एकत्र वाचल्या तर पुस्तिका म्हणते की उंदरांनी सह्याद्रीच्या मदतीनं डायनोसॉर पाडले, आणि मग आईनं हाक मारली. मी हे बोलून दाखवलं. साळवेमास्तर म्हणाले, "भाषा नंतर पाहता येईल."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं आणि म्हणाली, "उपाशी राहून डायनोसॉर परत येणार नाहीत." दुसऱ्या दिवशी अण्णा कामावरून आले, हातपाय धुतले आणि स्टेन्सिल कापायला बसले. आमच्याकडे सायक्लोस्टाइलचं एक लहान हातयंत्र होतं. मेणाच्या कागदावर लोखंडी टोचणीनं अक्षरं कोरायची, म्हणजे स्टेन्सिल कापायची, मग त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. मंडळात सगळ्यात सुरेख अक्षर अण्णांचं, म्हणून हे काम त्यांचं. टोचणी घासल्याचा तो बारीक करकर आवाज माझ्या बालपणाचा आवाज आहे. त्या संध्याकाळी मात्र तो मला सोसवेना.

"माझं नाव काढा," मी म्हटलं.

"का?"

"कारण हे माझं नाही."

"मंडळाचं आहे. आणि तू मंडळाची आहेस."

"मग मंडळाचं नाव घाला. खोट्याखाली मी सही करत नाही. तुम्हीच शिकवलंय."

टोचणी थांबली. अण्णा चिडले की त्यांचा आवाज खाली जाई. "खोटं? तू काय लिहिलंस ते तुला कळलंय का? आपण आहोत ते दगड पडला म्हणून. याला आपल्या भाषेत काय म्हणतात? बोल. म्हण तो शब्द."

मी म्हटला नाही.

"या घरात तो शब्द येऊ नये म्हणून मी काय काय केलं. आणि तू तो विज्ञानाचं पुस्तक करून आणलास, वर स्वतःचं नाव घालून." मग ते जे बोलले ते मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नव्हतं. गावच्या शाळेत त्यांना वर्गाबाहेर ओसरीवर बसवत. आत गुरुजी सांगत ती गणितं ते खिडकीतून ऐकत आणि पाटीवर सोडवत. एकदा त्यांची सगळी गणितं बरोबर आली. गुरुजींनी लांबूनच पाटी पाहिली आणि फार मायेनं म्हणाले, "मागल्या जन्मी थोडं पुण्य केलं असतंस ना, तर आज आत बसला असतास." अण्णा म्हणाले, "जे शिव्या देत होते त्यांचं मला काही वाटलं नाही. हा माणूस मायेनं बोलला. त्याला खरंच तसं वाटत होतं. तेव्हापासून कुणी म्हटलं, तू जिथं जन्मलास ते तुझं नशीब, की माझ्या डोक्यात जातं. आता तुझा दगड तेच म्हणतोय."

मला संताप आला. आणि त्या संतापातच, मोठ्यानं भांडता भांडता, माझं मलाच उत्तर सापडलं. "अण्णा, तुमचे गुरुजी आणि माझा दगड एक कसे? गुरुजी म्हणत होते तुम्ही ओसरीवर बसलात ते तुम्ही कमावलंत, आणि आतली पोरं आत बसली ते त्यांनी कमावलं. दगड म्हणतो कुणीच काही कमावलेलं नाही. तो पुण्य बघून पडला नाही. डायनोसॉरनी पाप केलं नव्हतं आणि उंदरांनी व्रत केलं नव्हतं. मग वर बसलेल्यानं कसला तोरा मिरवायचा? आणि तुम्ही म्हणता उंदीर लढले म्हणून जिंकले. मग जे संपले ते काय, लढायला कमी पडले? त्यांची लायकी नव्हती? हे तर तुमच्या गुरुजींच्याच बाजूचं झालं!"

शेवटचं वाक्य जास्त झालं हे मला लगेच कळलं. आई भाकरी थापायची थांबली. अण्णांनी माझ्याकडे न बघता टोचणी पुसली, स्टेन्सिल गुंडाळून ठेवली आणि उठून बाहेर गेले. चाळीच्या टोकाला डोंगराकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. आई म्हणाली, "बापाला कुणाच्या बाजूला बसवलंस ते कळतंय का?" मी म्हटलं, "कळतंय." ती म्हणाली, "बरं. मग जेव आता. भांडायला ताकद लागते." आठवडाभर अण्णा माझ्याशी मीठ दे, पाणी दे एवढंच बोलले. स्टेन्सिलला त्यांनी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी बैठक सुरू झाली आणि अण्णांनी हात वर केला. मंडळाचा नियम असा होता की मंजूर झालेला विषय पुन्हा काढायचा तर हरलेल्यांनी काढायचा नाही. ज्यानं बाजूनं मत दिलं त्यानंच काढायचा. म्हणजे मी काहीही करू शकत नव्हते, हे ते जाणून होते. "मागल्या रविवारी मी सस्तन प्राण्यांच्या बाजूनं मत दिलं," ते म्हणाले. "ते मी मागे घेतो. लढा झालेला नाही."

खोलीत अशी खळबळ माजली की जणू ते पक्ष सोडून चालले होते. गमरेकाका म्हणाले, "अहो, सस्तन प्राण्यांनी तुमचं काय घोडं मारलं?"

"काही नाही. ते बिळात होते, एवढंच खरं आहे."

"मग आपल्या पोरांनी काय घ्यायचं त्यातून? बिळात बसा म्हणून?"

"पोरांनी हे घ्यायचं," अण्णा म्हणाले, आणि माझं सगळं उत्तर त्यांनी जसंच्या तसं सांगितलं, फक्त माझ्यापेक्षा चांगलं. गुरुजींची गोष्ट मात्र सांगितली नाही. सगळे कान देऊन ऐकत होते. साळवेमास्तरांनी तर दोनदा मान डोलावली. मला वाटलं, आता तरी. मग मतदान झालं आणि आम्ही हरलो. एवढंच की विरोधात आता दोन हात होते. नंतर गमरेकाका मला बाजूला घेऊन समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाय, तुझा पटला गो माका. पण एकदा दिलेला हात असा खाली घेतला तर मंडळ चालेल कसा?" या माणसांशी काय बोलावं? पटलंय, पण हात वर आहे.

साळवेमास्तर न्यायी होते, हे मला मान्य करावंच लागेल. ते म्हणाले, अल्पमताला मतभेदाची टीप जोडण्याचा अधिकार आहे, शेवटच्या स्टेन्सिलवर जागा उरेल तेवढ्यात. त्यांच्या आईच्या हाकेनं बरीच जागा खाल्ली होती. उरली ती जेमतेम चार बोटं. दिवेलागणीला अण्णा स्टेन्सिल घेऊन बसले. बहुमतानं मंजूर झालेला मजकूर त्यांनी काना-मात्रा न बदलता कापला, सह्याद्रीसकट, लढ्यासकट. मला राग येत होता की त्या अक्षरात तो मजकूर खरा वाटत होता. मग त्यांनी मला म्हटलं, "सांग."

मी सांगितलं आणि त्यांनी कोरलं: 'सस्तन प्राण्यांचा लढा झालेला नाही. एक दगड पडला, म्हणून आपण आहोत. आपला जन्म हे कोणाच्या पुण्याचे फळ नाही आणि कोणाच्या पापाची शिक्षा नाही.' त्याखाली त्यांनी माझं नाव घातलं. त्याच्याखाली स्वतःचं. आणि दोन्ही नावांच्या वर जी दोराएवढी जागा राहिली होती तिच्यात, माझ्याकडे न बघता, आणखी काहीतरी कोरायला लागले. मी वाकून पाहिलं. 'पुढचे मात्र आपल्या हातात आहे.'

"अण्णा! हे मी सांगितलं नाही."

"माहीत आहे."

"परत दुरुस्ती? चार बोटांच्या टिपेतसुद्धा?"

"सही माझीपण आहे ना? मग एक ओळ माझी."

"पण ती वरच्याला धरून नाही. दगड पुन्हा पडला तर काय आपल्या हातात आहे?"

"मतदान घे," अण्णा म्हणाले. "एकास एक."

आत आई हसली. तिला हसताना ऐकून मी जास्तच भडकले. पण स्टेन्सिलवर कोरलेलं पुसता येत नाही. लाल रंगाचा लेप लावून अक्षर बुजवता येतं, आणि बाटली माझ्या हाताशीच होती. मी ती उघडली नाही.

जयंतीच्या दिवशी पुस्तिका वाटल्या गेल्या आणि एक मोठ्यानं वाचली गेली. पोरांनी सह्याद्रीच्या पानावर टाळ्या वाजवल्या. कुणीही लढ्याबद्दल काही विचारलं नाही, टिपेबद्दलही नाही. एका मुलीनं विचारलं, असा दगड परत येईल का? मी म्हटलं, येऊ शकतो. ती म्हणाली, मग अभ्यास करून काय उपयोग? अण्णा बाजूलाच उभे होते. त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तिथून निघूनच गेले.

पुढे ती पुस्तिका पुन्हा काढायची वेळ आली. तोवर साळवेमास्तर नव्हते, गमरेकाका गावी जाऊन राहिले होते आणि अण्णांना जाऊन वर्ष झालं होतं. मंडळ म्हणजे कागदोपत्री मी आणि माझं मत, म्हणजे बहुमत माझंच. मी आईची हाक काढली, लढा काढला, सह्याद्रीला 'असेही म्हणतात' इतकं खाली आणलं. माझी मूळची वाक्यं जागच्या जागी परत घातली. मग शेवटच्या पानावर आले. ती ओळ तर्काला धरून नाही. वरच्या तिन्ही वाक्यांशी तिचं पटत नाही. ती ढोबळ आहे, पत्रकी आहे, आणि कुठलाही बरा संपादक ती पहिल्या वाचनात काढेल. मी तिच्यावर पेन्सिलीनं काट मारली, मोठ्यानं वाचून पाहिलं, दुरुस्ती मांडली आणि मतदान घेतलं.

दुरुस्ती फेटाळली गेली. ओळ अजून तिथंच आहे, आणि दर वेळी वाचताना माझं डोकं फिरतं.